फॉरमॅट मारण्याआधी

कुरकुंभला माझ्या मावसभावाचं घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरून टँकर आणि ट्रेलर रात्रंदिवस धावत असतात. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला डोंगरावर फिरंगाई देवीचं देऊळ. सकाळी खिडकीची कड पुसली तरी दुपारी तिच्यावर बोटाने नाव लिहिता यावं, एवढी धूळ. भाऊ केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. हॉलच्या कोपऱ्यात टेबलावर घरचा कॉम्प्युटर आहे. पुतणीचे प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म, वहिनींच्या बचत गटाचा हिशोब आणि दहा-बारा वर्षांचे फोटो, सगळं त्या एका डब्यात.

एका एप्रिलमध्ये तो डबा हटून बसला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, लोगो यायचा, विंडोजचे ठिपके गोल गोल फिरायला लागायचे आणि पडदा काळा. दोन सेकंदांनी पुन्हा लोगो, पुन्हा ठिपके, पुन्हा काळोख. भावाने तो मोटरसायकलवर मांडीत धरून दुकानात नेला. ‘विंडोज करप्ट झालीय, फॉरमॅट मारावा लागेल,’ असं सांगितलं गेलं. फॉरमॅट मारला. फोटो गेले. मशीन घरी आलं, दोन दिवस नीट चाललं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लोगो, ठिपके, काळोख.

मी गेलो तेव्हा घरात सगळे मशीनवर नाराज होते. मी स्क्रू काढायला बसलो, तशी पुतणी हळूच म्हणाली, ‘काका, सकाळी चालतो तो. दुपारी बंद पडतो.’ पहिल्या दिवसापासून तिला हे माहीत होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

हे प्रकरण तिच्या त्या एका वाक्याबद्दल आहे. सुरू होतानाच कोसळणारा कॉम्प्युटर आपलं दुखणं लपवत नाही. तो कधी कोसळतो आणि कुठल्या पायरीवर कोसळतो, यातच बहुतेक निदान असतं. आपण ते न बघता थेट ‘विंडोज मारायला’ धावतो. पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला कुठे दुखतं हे न विचारता टेबलावर घेण्यासारखं ते आहे.

सुरू होण्याच्या चार पायऱ्या

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत मशीन चार पायऱ्या चढतं.

पहिली पायरी विजेची. कॅबिनेटमध्ये मागच्या बाजूला बसवलेला लोखंडी डबा म्हणजे एसएमपीएस. भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसी विजेत बदलतो. दुसरी पायरी तपासणीची. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असलेला बायोस, नव्या मशीनमध्ये यूईएफआय, रॅम आहे का, प्रोसेसर ठीक आहे का, कीबोर्ड आणि डिस्क जागेवर आहेत का, हे बघतो. तिसऱ्या पायरीवर तो कारभार विंडोजच्या हाती देतो. विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर एकामागून एक रॅममध्ये चढवते. ठिपके फिरतात ते याच वेळी. चौथी पायरी लॉगिननंतरची. अँटिव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, आपोआप चालू होणारे इतर प्रोग्राम तिथे जागे होतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे हात मागे बांधून तीन-चार वेळा नुसतं बघणं. जवळ वही ठेवा आणि लिहा: किती वाजले, बटण दाबल्यापासून किती सेकंदांनी गेला, पडद्यावर शेवटी काय दिसलं, बीप वाजली का, त्या वेळी घरात मोटार किंवा फ्रिज चालू झाला होता का. मशीन दर वेळी नेमक्या त्याच ठिकाणी पडत असेल तर संशय सॉफ्टवेअरवर जातो. कधी लोगोवर, कधी लॉगिनवर, कधी त्याही आधी, असं कुठेही पडत असेल तर संशय वीज, उष्णता किंवा रॅमवर जातो. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा हे तो सांगतो.

वीज: राखाडी वायरचा निरोप

एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे वायरींचा जाड जुडगा जातो. त्यात पिवळ्या वायरी १२ व्होल्टच्या, लाल ५ व्होल्टच्या, नारिंगी ३.३ व्होल्टच्या आणि काळ्या ग्राउंडच्या. या गर्दीत एक एकटी राखाडी वायर असते. तिचं काम वीज पुरवणं नाही, निरोप देणं आहे. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की एसएमपीएस या वायरीवरून ‘वीज ठीक आहे’ असा संकेत पाठवतो. ठरलेल्या मानकानुसार हा संकेत १०० ते ५०० मिलीसेकंदांत यावा लागतो. तो येईपर्यंत प्रोसेसर कामाला लागत नाही. चालू असताना तो संकेत क्षणभर जरी गेला, तरी मदरबोर्ड सगळं सोडून पहिल्यापासून सुरुवात करतो. आपल्याला बाहेरून दिसतं ते ‘आपोआप रीस्टार्ट’.

संकेत का जातो? १२ व्होल्टची वायर ५ टक्के वर-खाली चालते, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्टपर्यंत. थकलेला एसएमपीएस मशीन निवांत असताना एवढं सांभाळतो. पण विंडोजचे ठिपके फिरायला लागतात तेव्हा डिस्क, प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकदम जोर लावतात. चढावर भरल्या ट्रॉलीला ट्रॅक्टर दम टाकतो, तसा तो इथे दम टाकतो. दोष विजेचा असतो, पण मशीन पडतं विंडोजच्या दारात. म्हणून आळ विंडोजवर येतो.

बाहेरच्या विजेचाही यात वाटा असतो. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलीसेकंदांचं. वीज तुटली तर चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ मिलीसेकंद तग धरतो, म्हणजे एक आवर्तनही पुरतं नाही. डोळ्याला दिवा नुसता मिचकल्यासारखा वाटतो, तेवढ्यात मशीन पडलेलं असतं. ज्या डीपीवर शेतीपंपांचा भार आहे तिथे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली बसतं. गेलेली लाईट परत येते तो क्षणही जोखमीचा. लाईट गेली की कॉम्प्युटरचं बटण भिंतीवर बंद करावं आणि लाईट आल्यावर पाच मिनिटं थांबून चालू करावं.

यूपीएस असला म्हणजे चिंता मिटली, असंही नाही. त्यातली बॅटरी काही वर्षांत थकते आणि मग राखणदारच घर पाडतो: जोर पडला की यूपीएसच वीज तोडतो. म्हणून एकदा यूपीएस बाजूला ठेवून मशीन थेट भिंतीच्या चांगल्या सॉकेटला लावून बघा. सॉकेटला अर्थिंग आहे ना, हेही वायरमनकडून बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती तक्रार आधी दूर करा, कॉम्प्युटर नंतर.

एक कारण तर हसू येईल इतकं साधं आहे, पण धुळीच्या गावात ते खरोखर भेटतं. कॅबिनेटचं पॉवर बटण धुळीने आतच अडकतं. बटण सुमारे चार सेकंद दाबून धरलं की मशीन बंद व्हावं, अशी त्याची रचना असते. बटण अडकलं की मशीनला वाटतं कोणीतरी ते दाबून धरलंय. दर वेळी चार-पाच सेकंदांनीच मशीन जात असेल तर आधी बटण टिचकी मारून मोकळं करा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. एसएमपीएसचा डबा उघडू नका. २३० व्होल्टची एसी सरळ केली की आत ३२५ व्होल्टच्या जवळपास डीसी साठते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ राहते. तो डबा दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो.

बायोस: सगळ्यात मोलाची कसोटी

आता ती कसोटी, जी या प्रकरणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ठेवावी. मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहा. बायोसचा पडदा उघडेल. तिथे काहीही बदलू नका, अर्धा तास मशीन तसंच सोडून द्या.

त्या पडद्यावर विंडोज नसते. ड्रायव्हर नसतात, व्हायरस नसतो, अपडेट नसते. तिथेही मशीन रीस्टार्ट झालं तर विंडोज निर्दोष आहे. मग शंभर वेळा फॉरमॅट मारला तरी फरक पडणार नाही. उलट बायोसमध्ये मशीन अर्धा तास शांत उभं राहिलं आणि विंडोज सुरू होतानाच पडलं, तर तिसऱ्या पायरीकडे बघायचं. भार वाढल्यावरच दम तोडणारा एसएमपीएस या कसोटीतून कधी कधी निसटतो, पण दोष पकडला गेला तर पुरावा पक्का असतो.

बहुतेक बायोसमध्ये तापमान आणि व्होल्टेजही दिसतात. प्रोसेसर तापत तापत १०० अंशांच्या आसपास गेला की आधी आपला वेग कमी करतो. तरी तापत राहिला तर जळू नये म्हणून मशीन बंद करतो. हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये धुळीची गादी बसली असेल, हीटसिंकची एखादी पिन सुटली असेल किंवा थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल तर हे होतं. धुळीसाठी मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर ते वाऱ्याने भरमसाट फिरून बेअरिंग खराब होतं.

मग रॅम. प्लग काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. दोन्ही बाजूंच्या कड्या खाली दाबल्या की रॅमची पट्टी वर येते. तिच्या काठावर सोनेरी दातांची ओळ असते. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा असतो तो सोनं गंजत नाही म्हणूनच. पण मुलामा अगदी पातळ, त्यावर धूळ, ओल, बोटांचं तेल यांचा थर बसतो आणि खाचेतला संपर्क ढिला होतो. पांढरं, मऊ खोडरबर घ्या, दात एकाच दिशेने हलके पुसा, भुकटी झटका आणि पट्टी दोन्हीकडून ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. शाळकरी दप्तरातल्या खोडरबराने आपल्याकडे किती मशीन पुन्हा उभी राहिली असतील, त्याला गणती नाही. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून बघा. एकीबरोबर मशीन चालतं आणि दुसरीबरोबर पडतं, तर चोर सापडला.

मदरबोर्डवर एक नजर टाकाच. पिटुकल्या डब्यांसारखे कपॅसिटर उभे असतात. त्यांचे माथे सपाट हवेत. फुगलेले किंवा तपकिरी रस गळलेले दिसले तर बोर्डाचं आयुष्य सरत आलंय. कपॅसिटरचा हिशोब ढोबळमानाने असा, की दहा अंश उष्णता वाढली की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा कॅबिनेट भिंतीला आणि पडद्याला चिकटवून ठेवू नका. चार बोटं मोकळी जागा सोडा.

शेवटी ती नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, तीन व्होल्टची, घड्याळाच्या दुकानात मिळणारी. ती संपली की मशीन तारीख विसरतं, हे अनेकांना माहीत असतं. पण ती संपल्यावर बायोस आपल्या बाकीच्या सेटिंगही विसरू शकतो. डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ही सेटिंग बदलली की विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखता येत नाही. मग निळा पडदा येतो, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं लिहिलेलं असतं आणि मशीन गोल गोल फिरत राहतं. तिथे फॉरमॅट नको, नवी बॅटरी आणि जुनी सेटिंग हवी.

विंडोज: निळा पडदा वाचायचा असतो

बायोसची कसोटी पार झाली, तर आता विंडोजशी बोलू. आत काही गंभीर बिघडलं की विंडोज निळ्या पडद्यावर, अलीकडच्या विंडोज ११ मध्ये काळ्या पडद्यावर, कारण लिहिते. पण बिघाड झाला की आपोआप रीस्टार्ट व्हायचं, अशी सेटिंग मुळातच चालू असते. म्हणून चिठ्ठी वाचायच्या आत फाडली जाते. आधी हे फाडणं थांबवायचं.

विंडोज १० किंवा ११ सुरू होताना दोन-तीनदा सलग अडखळली की स्वतःच दुरुस्तीचा पडदा उघडते. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने जा आणि रीस्टार्ट म्हणा. आकड्यांची यादी येते. ९ दाबलं की आपोआप रीस्टार्ट होणं थांबतं. आता निळा पडदा उभा राहील. मोबाईलवर त्याचा फोटो काढा. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असं असेल तर रॅम आणि ड्रायव्हर बघा. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ असेल तर हार्डवेअरच सांगतंय की दुखतंय. एखाद्या फाइलचं नाव दिसलं, तर ती कुठल्या ड्रायव्हरची आहे हे शोधा.

त्याच यादीत ४ म्हणजे सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन चालते. तिथे मशीन नीट चाललं तर विंडोजचा गाभा शाबूत आहे, नंतर आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी गोंधळ घालतंय. शेवटचं काय बसवलं ते आठवा आणि काढा. अपडेटनंतर सुरू झालं असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्येच अपडेट काढून टाकायची सोय आहे. सिस्टिम रिस्टोअर चालू असेल तर आधीच्या तारखेवरही जाता येतं. तुमच्या फाइल जागच्या जागी राहतात.

सेफ मोडची ताकद सगळ्या जगाने एका दिवशी पाहिली. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल पाठवली, भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी. फाइलच्या रचनेत २१ रकाने होते, सॉफ्टवेअर पुरवत होतं २०. एकविसाव्याच्या शोधात ते स्मृतीतल्या परक्या जागेत गेलं, आणि ते विंडोजच्या गाभ्यात काम करत असल्याने अख्खी विंडोज कोसळली. रीस्टार्ट झाल्यावर तीच फाइल पुन्हा वाचली जायची, विंडोज पुन्हा कोसळायची. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन आजारी पडली होती. आपल्याकडे विमानतळांवर रांगा लागल्या, इंडिगोच्या प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले.

त्यावर उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं, एका ठरावीक नावाने सुरू होणारी ती एक फाइल पुसायची आणि मशीन पुन्हा चालू करायचं. त्यासाठी विंडोज मारावी लागली नाही. अडचण एवढीच होती की हे काम अनेक ठिकाणी मशीनपाशी बसून, एकेक करून करावं लागलं. डिस्क कुलूपबंद होती तिथे बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली आधी शोधावी लागली. ही किल्ली तुमच्याही मशीनची असू शकते. ती आज, मशीन धड असताना, वहीत लिहून ठेवा.

लॉगिननंतरची चौथी पायरी जुन्या वाचकांना आठवत असेल. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा आला. इंटरनेट जोडलं की ६० सेकंद उलटे मोजणारी चौकट यायची आणि मशीन रीस्टार्ट व्हायचं. लोकांनी फॉरमॅट मारले. नवी कोरी विंडोज नेटला जोडली की काही मिनिटांत पुन्हा तेच. कारण ज्या भोकातून किडा शिरत होता ते भोक नव्या विंडोजमध्येही तसंच होतं. ते बुजवणारा पॅच जुलैमध्येच आला होता. कारण शाबूत ठेवून घर नव्याने बांधलं तर पाहुणा पुन्हा येतोच.

आधी माल, मग मशीन

डिस्क कुरकुरत असेल, टकटक आवाज करत असेल किंवा मशीन तासभर ठिपक्यांवरच अडकत असेल, तर सगळे प्रयोग थांबवा. मरत्या डिस्कवर दुरुस्तीचे आदेश चालवले की उरलेलं आयुष्यही त्यातच संपतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, किंवा डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या मशीनला लावा, आणि आधी फोटो, हिशोब, प्रमाणपत्रं बाहेर काढा. दुकानात मशीन देतानाही पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘डेटा हवाय. विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका.’ ते वाक्य चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटला चिकटवा.

कुरकुंभच्या त्या दुपारी आम्ही मशीन बायोसमध्ये सोडलं आणि जेवायला बसलो. अकराव्या मिनिटाला पडदा काळा झाला आणि लोगो आला. भावाचा घास हातात राहिला. विंडोज सुटली होती. मी मागे हात नेला, तर एसएमपीएसच्या जाळीतून वाराच येत नव्हता. टॉर्च मारला. पंख्याचं पातं धुळीच्या लोकरीत रुतून उभं होतं. पुन्हा बायोस उघडला: बारा व्होल्टच्या ओळीवर ११.२. सकाळी डबा गार असायचा तोवर चालायचा, उन्हं चढली की आतून तापायचा आणि राखाडी वायरीवरचा निरोप तुटायचा. दुकानातही थंड होता, म्हणून तिथे दोष दिसला नाही. पुतणीचं वाक्य शब्दशः खरं होतं. नवा एसएमपीएस बसवला, त्यानंतर ते मशीन रीस्टार्ट झालेलं नाही.

फोटोंचं काम सोपं नव्हतं. घाईघाईत मारलेल्या फॉरमॅटमध्ये हार्ड डिस्कवरचा मजकूर लगेच पुसला जात नाही, त्याची यादी पुसली जाते. पण वर नवी विंडोज चढली की जागा व्यापली जाते, आणि एसएसडी असेल तर बहुधा काहीच हाती लागत नाही. भावाची सुदैवाने जुनी हार्ड डिस्क होती. ती दुसऱ्या मशीनला लावून फोटोरेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने रात्रभर चाळली. निम्म्याहून कमी फोटो परत आले, तेही नावांशिवाय, तारखांच्या फोल्डरांशिवाय, नुसते आकडे. दुसऱ्या दिवशी वहिनी आणि पुतणी पडद्यासमोर बसून एकेकाला नाव देत होत्या. नवरात्रात देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या आजीचा एक फोटो सापडला, तेव्हा दोघी बराच वेळ पुढच्या फोटोवर गेल्याच नाहीत.

आता त्या कॅबिनेटवर एक शंभर पानी वही असते. पहिल्या पानावर बिटलॉकरची किल्ली आहे, दुसऱ्यावर बायोसच्या सेटिंगचे फोटो छापून चिकटवलेत. पुढची पानं पुतणीची आहेत. मशीनने काही वेगळं केलं की ती तारीख, वेळ आणि शेवटी काय दिसलं ते लिहिते. परवा गेलो तर ताजी नोंद होती: ‘दुपारी २.४०, लाईट मिचकली, मशीन चालूच राहिलं.’